न आलेल्यांची वही

सांगलीत मी दवाखाना सुरू केला तेव्हा माझे पेशंट दातांच्या डॉक्टरांच्या बाकावर बसत. २००३ सालचा जून. स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर एका जुन्या इमारतीचा पहिला मजला. जिना चढून आलं की डावीकडं दातांचा दवाखाना, उजवीकडं माझा. दोन्ही दारांत एकेक बाकडं. माझं नवंकोरं, रेक्झिनचं, आणि त्यावर बसायचे ते औषध कंपन्यांचे एम.आर. पेशंट मात्र जिना चढायचा, दोन्ही पाट्या वाचायचा आणि डावीकडं जाऊन टेकायचा. कुणी कुणी तर गालाला रुमालही लावून बसायचं. दातांचे डॉक्टर मोकळ्या स्वभावाचे होते. एकदा ते मला म्हणाले, "माझ्या बाकावर बसून जो शेंगा खातोय, तो तुमचा समजा."

पाटीचाही एक इतिहास आहे. घरमालकांचं म्हणणं, 'मानसोपचार' हा शब्द एवढा ठळक नको, खालच्या मेडिकलवाल्याचं गिऱ्हाईक बिथरेल. शेवटी 'मेंदू व मनोविकार' यावर तडजोड झाली, त्यातही 'मेंदू' मोठ्या अक्षरात. मेंदूला कुणाची हरकत नसते. डोक्याचा फोटो काढता येतो, त्याचं बिल दाखवता येतं. 'मन' म्हटलं की लोकांना एकदम रत्नागिरी किंवा येरवडा आठवायचा. राज्यात सरकारी मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आमच्या भागातल्या भांडणांत त्यांतली दोन शिवी म्हणूनच वापरली जात.

पुण्यात एम.डी. करताना माझ्या डोक्यात दवाखान्याचं जे चित्र होतं, त्यात पेशंट समोर बसून आपलं दुःख सांगत होता. इथं दुःख कुणी सांगत नव्हतं. "डोस्क्यात मुंग्या येत्यात", "जीव घाबराघुबरा होतोय", "अंगात लई उष्णता हाय", "झोप न्हाई बघा", एवढ्यावर गाडी थांबायची. माझ्याकडं येण्याआधी बहुतेक जण वाडीला किंवा औदुंबरला पौर्णिमा-अमावस्या करून, गावातल्या देवरश्याचा अंगारा लावून, मिरजेत दोन-तीन तपासण्या करून आलेले असत. पहिल्या चार महिन्यांत जागेचं भाडंसुद्धा सुटलं नाही.

पुढं जे लिहिलंय त्यातली गावं, नाती, धंदे थोडे इकडचे तिकडं केले आहेत. चुका मात्र जशा घडल्या तशाच आहेत, कारण त्या माझ्या आहेत.

*

दवाखान्याला वळण लावलं ते मामांनी. मामा म्हणजे आमचे कंपाउंडर, पण त्यांचं उभं आयुष्य एस.टी.त कंडक्टर म्हणून गेलेलं. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना म्हणून आले. औषधांची नावं त्यांना कधीच नीट आली नाहीत, पण जत, कवठेमहांकाळ, आटपाडी, शिराळा या सगळ्या तालुक्यांत कुठल्या फाट्यावर कुठली गाडी किती वाजता येते, हे त्यांना तोंडपाठ होतं. नंबर लावायचे ते गाडीच्या वेळेवर. "या मावशींना आधी सोडा मॅडम, जतची शेवटची गाडी चुकली तर रात्र स्टँडवर काढावी लागंल." नावानं हाक मारायची नाही, नंबरानं मारायची, हा नियमही त्यांचाच. "नाव कशाला? तिकिटावर कुठं नाव असतं?"

एका संध्याकाळी शटर ओढायच्या आधी ते केसपेपर मोजत बसले होते. कंडक्टरला डेपोत वेबिल जुळवायची सवय असते, विकलेली तिकिटं आणि पैसे यांचा मेळ लागल्याशिवाय घरी जाता येत नाही. मामा मान वर करून म्हणाले, "मॅडम, आज बावीस जणांना बोलावलं होतं. चौदा आले. आठ जण कुठं उतरले?"

मला उत्तर देता आलं नाही. आलेल्या चौदांनी माझा दिवस भरला होता. न आलेल्यांना वजनच नव्हतं. पेशंट आला नाही तर तो बरा झाला असेल, किंवा दुसऱ्या डॉक्टरकडं गेला असेल, असं आम्ही डॉक्टर धरून चालतो. मामांनी दुसऱ्या दिवशी एक दोनशे पानी वही आणली आणि रेघा मारल्या: नाव, गाव, बोलावलेली तारीख, कारण. शेवटचा रकाना सगळ्यांत रुंद.

तो रकाना भरत गेला तसा माझा अभ्यास नव्यानं सुरू झाला. द्राक्षाची छाटणी. ऊसतोड. गावची यात्रा. सकाळची गाडी बंद झाली. पोराची फी भरली, पैसे उरले नाहीत. आणि खूप ठिकाणी एकच ओळ: 'बरं वाटलं म्हणून बंद केलं.' त्याखालोखाल 'सवय लागंल म्हणून बंद केलं.' उदासीच्या आजारावरच्या गोळ्या लागू पडायला दोन-तीन आठवडे जातात आणि बरं वाटल्यावरही त्या काही महिने घ्याव्या लागतात, हे मी प्रत्येकाला सांगत होते. पण सांगितलं म्हणजे पोचलं, अशी माझी समजूत होती.

पुढं २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निमहान्सनं बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नाहीत, असं त्यात निघालं. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. मी तो आकडा मामांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "ही तर गाडीत बसलीच न्हाईत. आपण बसलेल्यांचं बघू."

*

बसलेल्यांचं बघायचं म्हणून आम्ही पोस्टकार्डं घेतली. पन्नास पैशांचं कार्ड. मजकूर मी लिहिला: 'आपण ठरलेल्या तारखेस तपासणीस आला नाहीत. औषध बंद करू नये. येऊन भेटावे.' खाली दवाखान्याचा गोल रबरी शिक्का. पहिल्या महिन्यात कार्डं मिळाल्यावर बरेच जण परत आले आणि मी खुशीत होते.

दोन महिन्यांनी एक गृहस्थ आले. नंबर घेतला नाही, सरळ आत येऊन माझ्या टेबलावर कार्ड ठेवलं. त्यांच्या मुलीला सारखे हात धुण्याचा, कुलूप पुन्हा पुन्हा तपासण्याचा त्रास होता. औषधानं ती वर्षभर छान होती आणि मधल्या काळात तिचं लग्न झालं होतं. कार्ड माहेरच्या पत्त्यावर गेलं. पोस्टमन गावातलाच, कर्तव्यदक्ष. त्यानं वरचा पत्ता खोडून सासरचा घातला. कार्ड उघडंच असतं. सासरी ते आधी कुणी वाचलं, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

"लेक घरी आलीया," ते म्हणाले. "सामानासकट."

ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते बसून राहिले, मग कार्ड खिशात घालून गेले. लग्नाआधी सासरी सांगा, असं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी सांगितलं नव्हतं. पण सांगायचं की नाही, कधी आणि कुठल्या शब्दांत, हे त्यांनी ठरवायचं होतं. माझ्या शिक्क्यानं ते परस्पर ठरवून टाकलं. दोन-तीन वर्षांनी तिचं दुसरं लग्न झालं, या वेळी सगळं सांगून, असं मामांच्या कानावर आलं. ती माझ्याकडं परत आली नाही. वहीत तिच्या नावापुढच्या रुंद रकान्यात मामांनी काहीच लिहिलं नव्हतं. मी तिथं 'कार्ड' एवढंच लिहिलं.

त्या दिवसापासून पहिल्याच भेटीत आम्ही विचारू लागलो: "तुम्हाला निरोप कसा द्यायचा?" आणि या एका प्रश्नानं जेवढं कळायला लागलं, तेवढं तासाभराच्या मुलाखतीत कळत नसे. कुणी कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथचा नंबर दिला, कुणी मेव्हण्याच्या मोबाईलचा. एका शिक्षकांनी बजावलं, "लायब्ररीतनं बोलतोय, पुस्तक आलंय, एवढंच म्हणायचं." एका बाईंनी बराच वेळ विचार करून सांगितलं, "निरोप दिऊच नगा. माझी मीच ईन." त्यांच्या घरात त्यांचा म्हणून निरोप घेणारं एकही माणूस नव्हतं. आजाराचं अर्धं निदान तिथंच झालं.

*

दुसरी चूक एका शब्दाची. आणि तो शब्द मी लहानपणापासून वापरत आले होते.

२००६ चा ऑक्टोबर. तासगावकडचे एक बागायतदार बायकोबरोबर आले. छाटणी झाल्यावर पाऊस लागून राहिला होता, बागेवर डावणी आली होती, सोसायटीचं कर्ज होतं. पण ते बागेबद्दल बोलत नव्हते. "इचार थांबंनात झाल्यात," एवढंच परत परत. पहाटे तीनला जाग, जेवण निम्म्यावर, माणसांत बसणं बंद. मरणाचे विचार येतात का, हे मी विचारलं. त्यांनी खाली बघून मान हलवली. पुस्तकात सांगितलेलं सगळं मी केलं: गोळ्या थोड्याच दिवसांच्या दिल्या, एकटं सोडू नका म्हटलं, आणि बायकोला बजावलं, "औषध तुमच्या ताब्यात ठेवा. त्यांच्या हाताला लागू देऊ नका."

अकराव्या दिवशी त्यांच्या गावच्या डॉक्टरांचा फोन आला. पेशंट मिरजेला आय.सी.यू.त होता. पिकावर मारायचं फॉस्फरसयुक्त कीटकनाशक त्यांनी प्यायलं होतं. ॲट्रोपीनची इंजेक्शनं कित्येक दिवस चालली, आणि नशिबानं ते वाचले.

मी भेटायला गेले. त्यांची बायको व्हरांड्यात फरशीवर बसली होती. मला बघून उठली आणि कमरेची किल्ली काढून दाखवली. "औषध कपाटात कुलपात ठिवलं हुतं की ओ म्याडम. तुमी सांगिटल्यालं तसंच."

खरंच ठेवलं होतं. माझ्या गोळ्यांची पाकिटं साड्यांच्या घडीखाली, कुलपात होती. दुसरं औषध गोठ्याशेजारच्या खोलीत फवारणीच्या पंपाजवळ उघड्यावर होतं.

आमच्याकडं डॉक्टर देतो तेही औषध आणि बागेवर मारतात तेही औषध. 'त्यानं औषध घेतलं' असं गावात कुणी हलक्या आवाजात म्हणालं की ऐकणारा कुठल्या दवाखान्यातलं, असं विचारत नाही. तो चप्पल घालून निघतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी याच भागात वाढले. पण मानसशास्त्र मी इंग्रजीत शिकले, आणि डॉक्टरच्या खुर्चीत बसले की माझ्या तोंडचं मराठी त्या इंग्रजीचं भाषांतर होऊन जायचं. त्या बाईंनी माझा शब्द दवाखान्यातल्या अर्थानं घेतला, आणि त्यात चूक त्यांची नव्हती.

तेव्हापासून शेतकरी घरातला पेशंट असेल तर आम्ही तोंडी परीक्षेसारखं विचारतो: फवारणीचं औषध कुठं ठेवता? खोलीला कडी आहे का? किल्ली कुणाकडं असते? उरलेलं औषध घरी आणता की बागेतच पुरता? मामांनी डझनावारी कुलपं आणून ठेवली होती. ज्यांच्या खोलीला कुलूप नाही, त्यांना गोळ्यांबरोबर कुलूप द्यायचं. लोक हसायचे, पण घेऊन जायचे. एखाद्या साध्या अडसरानं माणूस वाचू शकतो, यावर तोवर माझा फार विश्वास नव्हता. ज्याला मरायचं तो मार्ग शोधतोच, असं आपण ऐकत आलेलो असतो. तसं नसतं. ती लाट काही मिनिटांची, काही तासांची असू शकते, आणि तेवढ्या वेळात हाताशी काय आहे, यावर बरंच ठरतं. श्रीलंकेनं टप्प्याटप्प्यानं सर्वांत विषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून कितीतरी खाली आलं. आमचं कुलूप म्हणजे त्याच धोरणाची पंचवीस-तीस रुपयांची आवृत्ती.

त्या बागायतदारांच्या कागदावर कारण काय लिहिलं होतं, माहीत आहे? 'फवारताना चुकून नाकातोंडात गेलं.' तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न हा कलम ३०९ खाली गुन्हा होता. त्यामुळे घरचे लपवायचे आणि लपवल्यामुळे मनाच्या डॉक्टरपर्यंत माणूस पोचायचाच नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ मध्ये अमलात आला आणि असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरावं, त्याला शिक्षा नव्हे तर मदत द्यावी, असं कायद्यानंच म्हटलं. तरी 'चुकून' हा शब्द आमच्या वहीतून अजून गेलेला नाही.

*

या दोन चुकांनी दवाखान्याचं नुकसान झालं असेल असं वाटेल, पण झालं उलटंच. दवाखाना वाढला. किल्ली दाखवणाऱ्या त्या बाईंनीच आसपासच्या चार गावांतून माणसं पाठवली. दातांच्या बाकावर माझेच पेशंट जास्त दिसायला लागले तेव्हा त्या डॉक्टरांनी मधली जागा मोकळी करून दोन्ही बाकडी एका रांगेत लावून टाकली. मंगळवारी कोल्हापूरहून एक मानसशास्त्रज्ञ यायला लागल्या. सोमवारी साठच्या वर पेशंट व्हायचे. आणि तिसरी चूक त्या साठांच्या गर्दीतली आहे. २००९ मधली.

एक आई यायच्या, एकट्या. मुलगा डिप्लोमा अर्धवट सोडून घरी बसला होता. शेजारी आपल्याविरुद्ध कट करतात, आई जेवणात काहीतरी कालवते, अशी त्याची पक्की खात्री. तो यायला तयार नव्हता. रात्र रात्र येरझाऱ्या, एकदा आईवर ताट भिरकावलं होतं. आई पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, "काहीतरी द्या मॅडम. चहातनं देते."

असं औषध असतं. थेंबांच्या बाटलीत मिळतं, रंग नाही, वास नाही, चव नाही. बाहेर चाळीस माणसं होती. मी त्या बाईंना चार मिनिटं दिली आणि बाटली लिहून दिली.

तीन आठवडे सगळं छान झालं. मुलगा झोपायला लागला, जेवायला लागला. चौथ्या आठवड्यात त्याला मसाल्याच्या डब्यामागं बाटली सापडली.

त्याचा भ्रम होता की आई जेवणात काहीतरी घालते. मी तो भ्रम खरा करून दिला होता. त्यानं घरचं अन्न सोडलं. बाहेरून बिस्किटाचे बंद पुडे आणायचा, नळाला तोंड लावून पाणी प्यायचा. आई दोनदा आल्या, नंतर आल्याच नाहीत. मामांनी वही पुढं सरकवली: "हे कुठं उतरले बघायला पायजे."

तेव्हा आमच्याकडं समाजकार्याचं शिक्षण घेतलेली एक मुलगी आठवड्यातले दोन दिवस यायची, माहितीपत्रकं वाटायला वगैरे. तिला मी त्या घरी पाठवलं. तिनं काय करावं, हे मला सांगता आलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती ओट्यावर बसून आली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या खेपेला तिनं स्वतःचा डबा नेला आणि ओट्यावर बसून त्याच्यासमोर उघडून जेवली. चौथ्या खेपेला त्यानं तिच्या डब्यातली अर्धी पोळी घेतली, उलटसुलट करून बघितली आणि खाल्ली. हे सगळं मला तिच्या रोजच्या नोंदीतून कळत होतं. तिनं लिहिलं होतं: 'आज पोळी. भाजी नाही.'

पाचव्या खेपेला मी तिच्याबरोबर गेले. तो दारात उभा राहिला, मला आत बोलावलं नाही. मी म्हटलं, "ते थेंब मी दिले होते. आईनं मनानं नाही घातले. तुला सांगून द्यायला हवे होते, तसं केलं नाही. ती माझी चूक."

तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी वेडा नव्हतो."

"त्या एका गोष्टीत नव्हतास," मी म्हटलं.

त्या दिवशी तो हसला असावा असं मला वाटलं. आमची सहकारी म्हणते, नव्हता हसला. दीड महिन्यानं तो स्वतः आला. गोळ्या नको म्हणाला; महिन्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन घेईन, पण बाटलीचं सील माझ्यासमोर फोडायचं.

उपचारांबद्दल पेशंटला सांगितलं पाहिजे, त्याची संमती घेतली पाहिजे, त्यानं आपला प्रतिनिधी आपण निवडावा, असं २०१७ च्या कायद्यानं सविस्तर लिहिलंय. तो वाचताना मला तो ओटा आठवत होता. आजही एखादी आई येते आणि चहातून देण्याचं औषध मागते. तिच्या अंगावर वळ असतात, रात्रीची झोप नसते, आणि तिला तत्त्व सांगत बसणं हाही एक प्रकारचा क्रूरपणाच. पण आता चार मिनिटांत निकाल लागत नाही. आधी कुणीतरी घरी जातं. ती मुलगी त्यानंतर पूर्ण वेळ आमच्याकडं आली आणि सोमवारची संख्या मी चाळिसावर आणली. दवाखाना माणसांनी वाढला आणि नंबरांनी कमी झाला. हिशेब तपासणाऱ्यांना ते पटलं नाही, मामांना पटलं.

*

पुढं जिना चढणं म्हाताऱ्या पेशंटांना जमेना म्हणून तळमजल्यावर जागा घेतली. सांगलीत जागा घेताना तेव्हा पहिला प्रश्न असायचा, २००५ च्या महापुराचं पाणी कुठवर आलं होतं? ते जिथं थांबलं त्याच्या पलीकडं आम्ही घेतली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेनं ती रेघ पुसली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. दवाखान्यात ते छातीएवढं होतं.

पाणी चढायला लागलं तेव्हा मामा थकले होते, रोज येत नव्हते. तरी त्या सकाळी आले आणि काय वाचवायचं, असं विचारत मी कॉम्प्युटरकडं धावले तेवढ्यात त्यांनी काखेत फक्त वही घेतली. आमची ती बहुधा अकरावी वही होती. पुढचे आठ दिवस तीच उपयोगी पडली. गोळ्या वाहून गेल्या होत्या, दुकानं बंद होती. लिथियमसारखं किंवा फिटचं औषध अचानक तुटलं तर काय होतं, याची आम्हाला धास्ती. एका नातेवाइकाच्या घरी बसून आम्ही तिघं वहीतले नंबर फिरवत होतो: कुठल्या शाळेत आहात? गोळ्या आहेत का? किती?

पाणी ओसरल्यावर केसपेपर काढले तर चिखलाच्या विटा झालेल्या. गच्चीवर दोऱ्या बांधल्या आणि चिमटे लावून एकेक कागद वाळत घातला. शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुली मदतीला आल्या, सगळं गावच एकमेकांच्या चिखलात हात घालत होतं. त्यांना नको म्हणणं फार जिवावर आलं. पण सोळा वर्षांची गुपितं तिथं उन्हात लटकत होती. मी त्यांना खालची फरशी धुवायला सांगितली. आम्ही कागद अक्षरं आतल्या बाजूला येतील असे लावत होतो, आणि वाळताना आपणही वाचायचं नाही असं ठरवूनही नजर जात होती. बॉलपेनचं राहिलं होतं. शाईपेननं लिहिलेलं, म्हणजे माझी पहिली सात-आठ वर्षं, निळ्या डागांत गेली.

त्यामुळे जुन्या पेशंटांना मला सांगावं लागलं, "तुमची हकीकत वाहून गेली. पहिल्यापासून परत सांगाल का?" कवठेमहांकाळकडच्या एक बाई पहिल्यांदा आल्या होत्या तेव्हा काय म्हणाल्या होत्या, ते मला पक्कं आठवत होतं: "जावंनं करणी केलीया." आता त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि सुरुवात केली, "धाकट्याच्या बाळंतपणानंतर मला डिप्रेशन आलं हुतं." मधेच थांबून म्हणाल्या, "आमच्या जावंनं बी लई भोगलं ओ त्या वक्ताला. माझ्या संशयापायी." तो कागद बुडाला याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही.

आता मुलं मोबाईलवर रील बघून स्वतःच आजाराचं नाव घेऊन येतात. त्यांच्याबरोबर मला उलटं चालावं लागतं, नावापासून डोक्यातल्या मुंग्यांपर्यंत. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आम्ही कागदाच्या तळाशी छापतो. पाटी बदलली, 'मन' आणि 'मेंदू' एका मापाचे झाले. मामा गेले. वही आता कॉम्प्युटरवर आहे, पण त्यातला शेवटचा रकाना अजून सगळ्यांत रुंद आहे आणि संध्याकाळी कुणीतरी विचारतंच, आज किती जण उतरले.

थेंबवाला मुलगा आता मुलगा राहिलेला नाही. कानाशी केस पांढरे झालेत, एका वर्कशॉपमध्ये हिशेब बघतो. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येतो. मी सीलबंद बाटली त्याच्या हातात देते, तो तारीख वाचतो, उजेडाकडं धरून बघतो, मग परत देतो. इंजेक्शन झालं की बाहेर पाच मिनिटं बसतो. बाकाशेजारी आमचा माठ आहे, उन्हाळ्यात त्यात वाळा घातलेला असतो. इतकी वर्षं झाली, तो स्वतःची बाटली घेऊन येतो. आमच्या माठातलं पाणी पीत नाही.